रिकामा फ्राइंग पॅन

स्वयंपाकघरात सर्वांत कमी मान फ्राइंग पॅनला मिळत असावा. आजीच्या लोखंडी तव्याचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालते, पितळी पातेले वापरातून गेले तरी माळ्यावर जपून ठेवले जाते. पॅनवर ओरखडे पडले की त्याची रवानगी थेट भंगारात होते. विल्यम स्कॉट या आयरिश चित्रकाराने मात्र हा पॅन कॅनव्हासवर आणला आणि आयुष्यभर तिथून हलू दिला नाही. त्याच्या चित्रांतला पॅन बहुतेक वेळा रिकामा असतो. तो वरून पाहिल्यासारखा गोल दिसतो आणि त्याचा लांब दांडा टेबलाच्या कडेकडे झेपावलेला असतो. स्वयंपाक करणारे माणूस कुठेच नसते.

आपल्याकडे चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्या कोणालाही स्थिरचित्राचा, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राचा, पहिला नियम आठवेल, तो भांड्याच्या तोंडाच्या लंबगोलाचा. आपली नजर जितकी खाली, तितका तो लंबगोल चपटा. स्कॉटच्या टेबलावर हा नियम चालत नाही. टेबल भिंतीसारखे उभे राहते, बशीचे पूर्ण वर्तुळ होते आणि तिच्याच शेजारचे भांडे खुशाल बाजूने पाहिलेले असते. सेझान आणि ब्राक या फ्रेंच चित्रकारांनी ही मोकळीक आधीच मिळवून ठेवली होती. स्कॉटने ती घेतली, पण त्यांच्या टेबलांवरचा थाट घेतला नाही. त्याच्याकडे गिटार नाही, भरजरी पडदा नाही, फळांची रास नाही. पॅन, वाडगा, सुरी, दोन-चार अंडी, फार तर बशीत बांगड्याच्या जातीचा मासा, एवढ्यावर तो भागवतो.

या काटकसरीचे मूळ त्याच्या घरात आहे. स्कॉटचा जन्म १९१३ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. आई स्कॉटिश, वडील आयरिश. १९२४ मध्ये हे मोठे कुटुंब वडिलांच्या गावी, उत्तर आयर्लंडमधील एनिस्किलनला राहायला आले. वडील घरे रंगवीत आणि दुकानांच्या पाट्या लिहीत. १९२७ मध्ये गावात आग लागली, अडकलेल्यांना सोडवायला ते धावले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. आपण करड्या, रुक्ष जगात वाढलो, आपल्या ओळखीची बाग म्हणजे स्मशानभूमी होती, घरात देखणे फर्निचर नव्हते, आणि जे आयुष्य आपल्याला सर्वांत जवळून ठाऊक होते त्याचीच चिन्हे आपण रंगवली, अशा अर्थाचे त्याने पुढे सांगितले आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही. ज्या घरात वस्तू मोजक्याच असतात, तिथे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते आणि ती हलली तर लगेच लक्षात येते; स्कॉटची चित्रे पाहताना नेमके हेच होते.

मला तर त्यात वडिलांचा हातही दिसतो. पाटी लिहिणाऱ्याला नुसते अक्षर घोटून चालत नाही, दोन अक्षरांमधली मोकळी जागाही सांभाळावी लागते, नाहीतर दुकानाचे नाव एकीकडे गोळा होते आणि दुसरीकडे विरळ पडते. स्कॉटच्या चित्रात पॅन आणि वाडगा यांच्यामध्ये उरलेल्या रंगाच्या पट्ट्याला त्या दोघांइतकेच वजन असते. हा माझा तर्क आहे, पण लहानपणी वडिलांकडूनच त्याने ब्रश धरायला शिकावे आणि त्याचे काहीच मागे उरू नये, हे मला पटत नाही.

पुढचे शिक्षण बेलफास्टला आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत झाले. लग्नानंतर तो फ्रान्समधल्या पाँतावेन गावी चित्रकलेचे वर्ग चालवत होता, ते दुसऱ्या महायुद्धाने बंद पाडले. मग तो सैन्यात नकाशे छापण्याच्या कामावर होता आणि युद्ध संपल्यावर इंग्लंडमधल्या कॉर्शमच्या कलाविद्यालयात शिकवू लागला. १९४६ मध्ये पॅरिसला त्याने हजार वर्षांतील स्थिरचित्रांचे प्रदर्शन पाहिले. विषय हजार वर्षे जवळपास तेच आणि तरी प्रत्येक पिढीचे चित्र वेगळे, हे पाहून तो भारावून गेला. ‘द फ्राइंग पॅन’ हे चित्र त्याच वर्षीचे.

१९५३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथ्को, फ्रांत्स क्लाइन या अमेरिकेतल्या अमूर्त चित्रकारांना भेटला. त्या काळी तिथे गेलेला युरोपीय चित्रकार परत येऊन पोलॉकसारखे काढू लागला, तर कोणाला नवल वाटले नसते. स्कॉटवर तिथल्या कॅनव्हासांच्या आकाराची आणि त्यामागच्या आत्मविश्वासाची छाप पडली, पण आपण युरोपच्या परंपरेतले आहोत, हेही त्याला तिथेच उमगले. पुढे त्याचे कॅनव्हास मोठे झाले, भांड्यांचे आकार विरघळून नुसते रंगाचे ठोकळे उरले. १९५८ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनतर्फे त्याची चित्रे लागली आणि त्याच सुमारास उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातील आल्टनागेल्विन रुग्णालयासाठी त्याने भले लांबलचक भित्तिचित्र हाती घेतले. पण पॅनने त्याला सोडले नाही. सत्तरच्या दशकात तो परतला, सपाट आणि कातरून चिकटवल्यासारखा नेटका होऊन, सोबत पेअरची फळे घेऊन.

ही उत्तरकाळातली चित्रे फार देखणी आहेत, दिवाणखान्यात सहज शोभतील. माझे मत विचाराल तर मी चाळीसच्या दशकातल्या पॅनच्या बाजूने आहे. तिथला रंग जाड आहे, कडा थोड्या वेड्यावाकड्या आहेत, आणि या पॅनमध्ये सकाळी खरोखर काहीतरी तळले गेले असावे, अशी शंका घ्यायला तिथे जागा आहे.