गंगा आमची, कॅनल सरकारचा

मी मराठवाड्याचा आणि लहानपणी नावेत बसून बाजाराला जायचो, असं सांगितलं की पुण्या-मुंबईची माणसं आधी हसतात. मराठवाडा म्हटलं की त्यांना टँकर आठवतो. फार तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वे आठवते. नावा-होड्यांच्या गोष्टी कोकणातल्या लोकांनी सांगाव्यात आणि दुष्काळाच्या आम्ही, अशी वाटणी कधीतरी परस्पर होऊन गेली आहे. आम्हीही ती मुकाट्यानं मान्य केली. दुष्काळ सांगितला की ऐकणारा निदान चहा तरी पाजतो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातल्या पाथरी तालुक्यातलं, गोदावरीच्या डाव्या काठावरचं. गोदावरी हे नाव शाळेतल्या नकाशात. गावात ती गंगा. ‘गंगा उतरली का?’, ‘गंगेवर धुणं न्यायचंय’, ‘गंगेपल्याड सोयरीक केलीय.’ गंगेपल्याड बीड जिल्हा, माजलगावचा बाजार आणि माझं आजोळ. गावाच्या दुसऱ्या अंगाला, शिवार संपता संपता, जायकवाडीचा डावा कालवा. त्याला कालवा फक्त सरकारी कागद म्हणायचे. आम्ही कॅनल म्हणायचो. एका बाजूला वाहतं पाणी आणि दुसऱ्या बाजूला सोडलेलं पाणी, मधे गाव. ‘गंगा आमची, कॅनल सरकारचा,’ असं म्हातारी माणसं म्हणायची आणि वागायचीही तसंच.

नाव भोयांची होती. लाकडी, चपट्या बुडाची, दोन्ही टोकांना किंचित उचललेली. दिवाळीनंतर पाणी कमी होऊन गंगेला पायउतार मिळाला की तिचं काम संपायचं. मग ती वाळवंटात उलटी घालून ठेवायचे आणि भोयांची घरं शेजारच्याच वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या करायची. मृगाच्या आधी नावेची डागडुजी निघे. फटींत काथ्या आणि चिंध्या ठोकायच्या आणि वरून तापवलेलं डांबर फासायचं. त्या दिवसांत आम्ही पोरं तिथून हलायचो नाही. हाताला लागलेलं डांबर रॉकेलनं निघतं आणि रेशनचं रॉकेल त्यासाठी वापरलं तर घरी मार बसतो, ही दोन्ही ज्ञानं मला तिथंच मिळाली.

नाव चालवणाऱ्यांना सगळं गाव मामा म्हणायचं. माझे आजोबा त्यांच्याहून मोठे, तेही मामाच म्हणायचे. गावकऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, खळं झालं की प्रत्येक घरानं ज्वारी द्यायची, हा करार. परगावच्या माणसाला मात्र रोख द्यावे लागत. पण तो गावातल्या कुणाचा पाहुणा असला तर तेही माफ. त्यामुळे पलीकडच्या काठावर उभा असलेला प्रत्येक परका माणूस आमच्या गावचा जावई निघायचा. मामा विचारायचे, “कुणाचे जावई म्हणालात?” नाव ऐकून घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, “त्यायला लेक न्हाई.” मग पाहुणा खिशात हात घालायचा.

पाणी भरपूर असलं की नाव समोरासमोर कधी नेत नसत. आधी ती काठाकाठानं दोर लावून वरच्या अंगाला ओढत न्यायची, चांगली फर्लांगभर. मग माणसं बसवायची आणि तिला धारेला सोडायची. मागं मामा वल्हं धरून, पुढं त्यांचा मुलगा लांब बांबू घेऊन. पाणी नावेला खाली ओढतंय, मामा आडवी नेताहेत आणि त्या दोघांच्या ओढाताणीत नाव तिरपी सरकत बरोबर पलीकडच्या उताराला लागते. पुढं कॉलेजात सदिशांची बेरीज शिकवली तेव्हा फळ्यावरचा तो तिरपा बाण बघून मला काही समजावून घ्यावंच लागलं नाही.

बसण्याची व्यवस्था मामा करायचे आणि ती वजनावर चालायची. पाटलांच्या समोर भाजीची पाटी घेऊन निघालेली मावशी, कारण दोघांचं वजन सारखं. कोर्टात एकमेकांविरुद्ध तारखा करणारे दोन चुलतभाऊ गुडघ्याला गुडघा लावून, कारण दोघंही हडकुळे. गावात कुणी कुणाच्या ओट्यावर बसायचं याचे नियम फार कडक होते आणि ते चांगले नव्हते. नावेत ते लागू करायला जागाच नसे. शेळ्या, सायकली, एखादी नवी नवरी, तलाठी, सगळे एका बुडावर. बैलांना मात्र आत जागा नाही. कासरा नावेतल्या माणसाच्या हातात आणि बैल मागून पोहत. मधल्या धारेला आलं की बाया हळदकुंकू आणि एखादं नाणं पाण्यात सोडायच्या. मामा हटकून एक वाक्य टाकायचे, “उठू नका, हलू नका, आन् भांडणं पल्याड गेल्यावर करा.”

पुराचं पाणी शिवारात शिरलं की आणखी एक वाहन बाहेर निघायचं. गूळ करायची काहिल. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, अडकलेल्या माणसाला भाकरी पोचवायला बरी, पण तिला ना पुढची बाजू ना मागची. वल्हं मारलं की ती आधी स्वतःभोवती फिरून घेते. एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा आपण होऊन बसल्याचं मला आठवत नाही.

पुराचा विषय निघाला की राक्षसभुवन निघायचंच. ते आमच्या वरच्या अंगाला, गेवराई तालुक्यात, गंगेच्या दक्षिण काठावर. १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशव्यांनी तिथं निजामाच्या फौजेला गाठलं. निजाम स्वतः काही फौजेनिशी गंगा उतरून गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडे राहिला होता. गंगा भरलेली. दिवाण मारला गेला आणि पलीकडून निजामाला काही करता आलं नाही. आमचे गुरुजी याचं श्रेय थोरल्या माधवरावांना आणि राघोबादादांना वाटून द्यायचे. मामांचा निकाल वेगळा होता. “ऑगस्टात गंगेवर यायचं आन् नावा मोजून आणायच्या न्हाईत? मंग दुसरं काय हुईल?”

कॅनलची गोष्ट अगदी वेगळी. १८ ऑक्टोबर १९६५ ला पैठणला लालबहादूर शास्त्रींनी धरणाची कोनशिला बसवली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केलं. मूळ विचार बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधण्याचा होता. पुढं जागा बदलून पैठणला गेली, नाव तेवढं जायकवाडीचं राहिलं. जलाशयाला मात्र एकनाथांवरून नाथसागर म्हणाले, ते बरं केलं. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२. उजवा माजलगावच्या धरणाकडं जातो, डावा जालना जिल्ह्यातून आमच्याकडं येतो. तो आमच्यापर्यंत यायला धरणानंतरही वेळ लागला.

कॅनल सरकारचा, हे वाक्य आमच्या घरात एकटी आई कधी म्हणाली नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती कालव्याच्या मातीकामावर होती. दिवसभर पाट्या वाहायच्या, दुपारी सुकडी, घरी मिलोच्या लाल भाकरी. “सरकारचा कसा? माती म्या वाहिली,” असं ती म्हणायची आणि पुढं काही बोलायची नाही.

कॅनलला पाणी सुटलं ही बातमी पाण्याच्या आधी यायची. चौकीदार सायकलवरून बांधाबांधानं पुढं यायचा. गावात ओरड व्हायची, “पाणी येऊ लालंय!” आम्ही दप्तरं टाकून पळत सुटायचो, कोरड्या कॅनलमध्ये उतरून उभं राहायचो. आधी काहीच दिसत नाही. मग लांबून सरसर ऐकू येते. मग दिसतो तो एक तपकिरी पट्टा, जेमतेम घोट्याएवढा उंच, त्याच्या तोंडाला फेस आणि फेसावर जगातला सगळा कचरा. बाभळीच्या शेंगा, एक चप्पल, शेणाच्या वाळक्या पोवट्या, बिळांतून निघालेले उंदीर, कधी विरोळा. त्याचा वेग आमच्या चालण्याएवढा. त्यामुळे त्याच्याकडं तोंड करून उलटं चालत त्याला गावापर्यंत आणायचं, हा मान आमचा. गंगेचा पूर असा कधी आणता आला नाही. तो रात्रीतून येऊन बसलेला असायचा.

पोहायला आम्ही कॅनलमध्येच शिकलो. कमरेला पांगऱ्याचा बिंडा नाहीतर डालड्याचा रिकामा डबा. पाण्यात उतरणं सोपं, बाहेर येणं अवघड. फरशीच्या उतारावर शेवाळ धरलेलं असे, पाय ठरत नसे. म्हणून पुलाजवळच्या बाभळीला एक सोल बांधून पाण्यात सोडलेला होता आणि तो तोडणाऱ्याला सगळ्या गावाच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या. कॅनलमध्ये नाव घालायचे प्रयत्नही झाले. केळीच्या खांबांचा तराफा केला, टायरच्या ट्यूबा जोडल्या. खाली जाताना पुलाखाली मान वाकवली की झालं, मजाच मजा. पण परत येताना ती ओली ट्यूब खांद्यावर घेऊन उन्हात तेवढंच अंतर चालायचं. दोन-तीन दिवसांत हौस फिटली. नावेत मामा आपल्याला परतही आणतात, याची किंमत तेव्हा कळली.

मोठ्या माणसांसाठी कॅनल म्हणजे पाणी घ्यायची पाळी. पाळी रात्रीची आली तर कंदील, कुदळ आणि घोंगडी घेऊन चारीच्या गेटवर जागत बसायचं. आपण शेतात पाणी भरायला गेलो की वरच्यानं गेट दाबलंच म्हणून समजा. हेडची, म्हणजे कॅनलच्या वरच्या तोंडाची माणसं ऊस लावायची आणि टेलची, शेवटच्या टोकाची माणसं आभाळाकडं बघायची. हा झगडा अजून मिटलेला नाही. दिवसा सज्जन असलेली माणसं रात्री कॅनलच्या भरावावरून पाइप टाकून, तोंडानं पाणी ओढून सायफन चालू करायची. नळीतून आलेला पहिला गढूळ घोट ज्यानं थुंकला नाही असा शेतकरी आमच्याकडं विरळा. याला कुणी चोरी म्हणत नसे. भोयांच्या ज्वारीत मात्र कुणी पायलीभर कमी घातलेली मी ऐकली नाही. पाणीपट्टी बुडवणारी आणि मामांना भरलं माप देणारी माणसं एकच होती. यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. मलाही तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं, मामांना तोंड होतं, सरकारला फक्त नोटीस होती.

कॅनलनं गहू दिला, ऊस दिला, हे खरंच. भरावाच्या कडेची काही रानं पाझरानं चिबड झाली, हेही खरं. पाणी बंद झालं की तळाच्या डबक्यांत राहिलेले मासे हातानं धरायला मिळायचे. त्या दोन दिवसांत माळकऱ्यांची घरं सोडली तर सगळ्या गावाला एकच वास.

सहल पैठणला गेली तेव्हा नाथसागर पहिल्यांदा पाहिला. पाण्याला पलीकडचा काठच नाही. बरोबरची पोरं उद्यानातल्या कारंज्यांकडं पळाली. मी धरणाच्या भिंतीवरून बघत होतो की इथून मामा नाव नेमकी कुठं सोडतील.

पुढं पूल झाला आणि नाव बंद पडली. कुणी बंद केली नाही. एका मृगाला तिला डांबर लागलं नाही, एवढंच. मामांची मुलं मजुरीला लागली. गंगासुद्धा बदलली. वरून पाणी सोडलं तरच वाहायची, नाहीतर वाळू. ऑगस्ट २००६ मध्ये मात्र जायकवाडीतून अडीच लाख क्युसेक पाणी सुटलं आणि गंगाखेड, नांदेडपर्यंत हाहाकार झाला. तेव्हा लोकांना पुन्हा नावा आठवल्या. नंतर ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल असे बंधारे झाले. आता गंगेत वाहतं पाणी कमी आणि साठलेलं जास्त. पूर्वी जिथून पायी उतरून जायचो तिथं उन्हाळ्यातही डोह असतो. मग ज्यांची रानं पलीकडे आहेत ते थर्माकोलचे चप्पू करून जातात. त्यावर बायका खुरपं घेऊन बसतात. मामांनी हे पाहिलं असतं तर चप्पूवाल्याला काठावरच उभं करून झापलं असतं.

गंगेवर आज ‘बोट’ म्हटलं की ती वाळूची. पंप लावून तळातली वाळू ओढणारी. रात्री चालते. महसूलची माणसं येतात, सापडली तर जिलेटिन लावून उडवून देतात, त्याचा फोटो पेपरात येतो. काही दिवसांनी दुसरी बोट. गंगा आमची, हे वाक्य आता गावात कोण कुठल्या अर्थानं म्हणतो ते बघावं लागतं.

मी गावापासून लांब असतो, पण पावसाळा अर्धा सरला की पुतण्याला फोन करतो. खुशाली नंतर. आधी विचारायचं ते, “जायकवाडी किती टक्के?” मराठवाड्यातला कुठलाही माणूस हेच विचारतो, लेकीच्या मार्कांची चौकशी करावी तशा आवाजात.

“९८ टक्के हाय काका. गेटं उघडतेत म्हणालेत.”

“मग कॅनल सोडतील हरभऱ्याला.”

“सोडतेत की. पण आपल्याकडं यायला टाइम लागतंय. वरचे येऊ देतेत का? तवर गंगेतली मोटार चालवतो. फक्त पाइप पार फुटलाय. ५०० फुटाचे पैसे धाडता का?”

“धाडतो. पण पाणी उचलायची परवानगी काढलीस का रे?”

“आवाज येईना गेलाय काका,” तो म्हणाला, “रेंज न्हाई इकडं.”