डावीकडे पळालेली वेणी

शुक्रवार, रात्र

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या चिमुरडीने मला सांगितले, "काकू, तुमची वेणी डावीकडे पळाली आहे." तिच्या आईने तिला "असं बोलतात का मोठ्यांना?" म्हणून दटावले आणि माझ्याकडे पाहून ती ओशाळवाणे हसली. मीही हसले. तळमजला आला, त्या दोघी शाळेच्या बसकडे धावल्या आणि मी रिक्षा शोधू लागले. घडले ते एवढेच. पण आज शुक्रवार उजाडून मावळला तरी ते वाक्य माझ्या मानगुटीवरून उतरलेले नाही, म्हणून ते इथे लिहून काढते आहे.

वेणी पळाली होती हे खरेच होते. रिक्षात मी हात मागे नेऊन चाचपून पाहिले, तेव्हा टाळूपाशी मधोमध निघालेली सागरवेणी मानेपर्यंत येता येता डाव्या कानाच्या दिशेला सरकल्याचे बोटांना कळले. त्या वेणीसाठी मी पहाटेचा पाऊण तास घालवला होता. पुढे दिवसभर मी वर्गावर होते, म्हणजे फळ्याकडे तोंड आणि चाळीस-पंचेचाळीस मुलांकडे वेणी करून उभी होते. मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर डबा खाल्ला, संध्याकाळी बँकेच्या रांगेत माझ्या मागे सात-आठ माणसे होती. कोणीही काही बोलले नाही. आधी मला वाटले की या सगळ्यांचे न बोलणेच मला लागले. मग वाटले, त्यांनी का बोलावे? बँकेतल्या एखाद्या गृहस्थाने परक्या बाईला तिची वेणी वाकडी असल्याचे सांगितले असते, तर मी त्याला काय सुनावले असते ते मला ठाऊक आहे. असे मागून सांगणारे माणूस घरचेच असावे लागते. इथवर येऊन सोमवारी रात्री मी वही मिटली, कारण पुढचे वाक्य मला लिहायचे नव्हते.

ते आता लिहिते. माझ्या पाठीमागे कोणी नाही.

हे वाक्य आपल्या भाषेत उगाच फार मोठे होऊन बसते. ते लिहिले की लगेच पैसाअडका, आधार, म्हातारपण असे सगळे त्याला येऊन चिकटते. मला तसले काही म्हणायचे नाही. मी अगदी अक्षरशः म्हणते आहे, की मी केस विंचरायला बसते तेव्हा माझ्या पाठीमागे भिंत असते आणि त्या भिंतीवर गेल्या वर्षीचे, ऑक्टोबरवर थांबलेले कॅलेंडर असते.

गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून मी केस कापलेले नाहीत. का, ते इथे नको. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, त्या हिशेबाने खांद्याशी असलेले केस आता पाठीवर रुळू लागले आहेत, आणि बावीस वर्षे आखूड केस मिरवल्यानंतर, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मला स्वतःची वेणी घालता येत नाही असा शोध मला लागला आहे. साधी तीन पेडांची येते, खांद्यावरून पुढे घेऊन; पण तिला मी वेणी म्हणत नाही, ती केसांची नुसती सोय असते. सागरवेणीची गोष्ट वेगळी आहे. टाळूवरची एक जाड बट घेऊन तिचे तीन पेड करायचे, आणि मग दर वेळी बाहेरचा पेड मधल्यावरून नेण्याआधी त्याच बाजूची एक नवी बट त्याला जोडत जायचे. समोर बसलेल्या पोरीच्या डोक्यावर हे कोणालाही जमेल. स्वतःच्या डोक्यावर करताना दंड भरून येतात, नवी बट उचलायला करंगळीला राबावे लागते, आणि उरलेले दोन पेड कोणत्या बोटांत अडकवले होते याचा हिशेब चुकला की सगळे सोडून पुन्हा टाळूपासून सुरुवात. आरशात पाहून हात चालवायला जावे तर डावे-उजवे मनात उलटेपालटे होऊन बोटे थिजतात. सगळ्यात नाठाळ जागा मात्र मानेची. तिथपर्यंत कोपरे वर आणि हात डोक्यामागे असतात. तिथून खाली वेणी खांद्यावरून पुढे घ्यावी लागते, त्यासाठी पकड बदलावी लागते, आणि त्या बदलात वीण हमखास सैल पडते. माझ्या प्रत्येक वेणीला मानेपाशी असा एक ढिला वेढा पडलेला आहे. त्यात पावसाळा, केस धड वाळत नाहीत, आणि ओल्या केसांची घट्ट घातलेली वेणी दुपारपर्यंत वाळून सैल होते ती निराळीच.

सांगलीच्या घरी रविवारी न्हाणे झाले की सोप्याच्या पायऱ्यांवर आम्ही तिघी बसायचो. वरच्या पायरीवर आई, मधल्या पायरीवर ताई आणि सगळ्यात खाली मी. मी ताईची पाठची बहीण, पण बसायची मात्र तिच्या पुढ्यात. आई ताईची वेणी घालायची आणि त्याच वेळी ताई माझी. शिकेकाईने केस राठ झालेले असायचे. आईचा कंगवा ताईच्या गुंत्यात अडकला की ताई कळवळायची, आणि पुढच्याच क्षणी तो हिसका माझ्या डोक्यात पोचायचा, इंजिनाचा धक्का डब्याडब्यातून शेवटपर्यंत जावा तसा. माझ्या पुढे कोणी नव्हते, म्हणून मी मांजराचे कान ओढायची. वेणी झाली की ताई माझे डोके दोन्ही हातांनी धरून सरळ करायची आणि वरून आई दोघींच्या वेण्या पाहून म्हणायची, "हिची उजवीकडे गेली गं, सोड आणि परत घाल." परत घालणे म्हणजे परत हिसके. त्या वाक्याचा मला तेव्हा इतका राग यायचा, की ते ऐकायला मिळावे म्हणून मी कधी काळी हळहळेन असे कोणी सांगितले असते तर मी त्याच्याही अंगावर मांजर सोडले असते.

चार दिवस मी एकाच ठिकाणी अडखळते आहे. त्या पायऱ्यांवर आईच्या मागे कोण होते? कोणी नव्हते. तिच्या मागे सोप्याचे उघडे दार होते. ती स्वतःची वेणी केव्हा घालायची, कशी घालायची, मला अजिबात आठवत नाही. आम्ही उठायच्या आत तिचा अंबाडा होऊन त्यावर पदर आलेला असायचा. मी तिघींत सगळ्यात पुढे, माझे तोंड अंगणाकडे, त्यामुळे तिची पाठ माझ्या वाट्याला कधी आलीच नाही. तिच्या पाठीमागे कोणी बसल्याचे मला एकदाच, तेही ऐकून माहीत आहे. आई-बाबा प्रयागला गेले होते तेव्हा संगमावर त्यांनी वेणीदान केले होते. नवऱ्याने बायकोचे केस विंचरून वेणी घालायची आणि वेणीचे टोक कापून त्रिवेणीत सोडायचे, असा तो विधी असतो. बाबांना स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नसे. गुरुजी सांगत गेले, बाबा वळत गेले, आणि आई म्हणायची, "दावं वळल्यासारखी वळली होती, म्हैस बांधली असती तरी सुटली नसती." हे सांगताना ती दर वेळी हसायची आणि दर वेळी हात मागे नेऊन अंबाडा चाचपायची. हसणे मला नेहमीच आठवत होते. चाचपणे या आठवड्यात आठवले.

त्रिवेणीतली तिसरी नदी कोणाला दिसत नाही, ते असो.

बुधवारी वर्गात मी नेहमीचा रिबिनींचा प्रयोग केला. तो अभ्यासक्रमात नाही, पण एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ साली वेण्यांचे गणित मांडले आणि त्याला नाव देताना जर्मनमधला केसांच्या वेणीचाच शब्द घेतला, हे सांगितले की वर्ग जागा होतो. डावीकडे लाल, मध्ये पांढरी, उजवीकडे काळी रिबीन धरायची आणि साधी वेणी घालत जायची, उजवी मधलीवरून, डावी मधलीवरून. नीट पाहिले तर काळी नेहमी पांढरीवरून जाते, पांढरी नेहमी लालवरून आणि लाल नेहमी काळीवरून. सगळ्यांच्या वर अशी कोणीच नसते. सहा वेळा पेड ओलांडले की तिघी आपापल्या मूळ जागी परत येतात. आणि गंमत अशी, की यांतली कोणतीही एक रिबीन काढून घेतली, तर उरलेल्या दोघी एकमेकींत गुंतलेल्याच नसतात. एक दुसरीवर नुसती पडलेली असते, उचलली की सुटते. दर वर्षी मुले इथे टाळ्या वाजवतात. या वर्षीही वाजवल्या. मी त्या दोन सुट्या रिबिनी हातात घेऊन जरा जास्तच वेळ उभी राहिले असणार, कारण मागच्या बाकावरून एकाने विचारले, "मॅडम, आणि चार घेतल्या तर?"

ताईशी बोलून सात महिने झाले. घराच्या कागदांविषयी मी इथे लिहिणार नाही.

बुधवारी रात्री मी असे सगळे मनात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून अंथरुणावर पडले असताना माझ्या फोनने आपण होऊन मला एक चित्रफीत सादर केली. वर लिहिले होते "खास आठवणी", मागे संथ बासरी वाजत होती, आणि एकामागून एक, हळुवारपणे विरघळत, माझ्याच डोक्याच्या मागच्या बाजूचे फोटो येत होते. वेणी जमली की नाही ते पाहण्यासाठी मी गेले दोन महिने फोन डोक्यामागे नेऊन अंदाजाने फोटो काढते आणि पुसायला विसरते. असे एकोणचाळीस फोटो होते. काहींत नुसती मान, एकात कान आणि पंख्याचे पाते, एकात माझ्या टाळूवर रुपयाएवढी विरळ जागा, जिची मला आजवर कल्पना नव्हती आणि जिच्याबद्दल त्या पोरीने सौजन्याने मौन पाळले होते. बासरी संपेपर्यंत मी हसत सुटले होते. तिसरी-चौथीतल्या मुलीने वेणी वाकडी म्हटली म्हणून रुसून बसलेली एक्कावन्न वर्षांची बाई, आणि तिच्या दुःखाला पार्श्वसंगीत देणारा फोन! आईने हा प्रकार पाहिला असता तर तिला म्हैस आणि दावे या दोन्हींची आठवण झाली असती.

हसू ओसरल्यावर तेच फोटो मी पुन्हा पाहिले, आणि मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. सगळ्या वेण्या डावीकडेच गेल्या होत्या आणि जवळजवळ तेवढ्याच. चुका अशा एका दिशेला शिस्तीत जात नाहीत. जिथे सगळ्या एकीकडे जातात तिथे कारण एकच असते. कारण सापडायला पाच मिनिटे लागली. माझ्या कपाटाचा आरसा डाव्या हाताला आहे. मी आरशात पाहायचे नाही असे ठरवूनही वेणी घालताना मान तिकडे वळवते. मान वळली की डोक्याची मागची बाजू उजवीकडे सरकते, हात मात्र पाठीच्या मध्यावरच चालत राहतात, आणि वेणी डोक्याच्या मानाने डावीकडे उतरते. पळत होते डोके, नाव वेणीचे झाले.

काल मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. ऑक्टोबरचे पान समोर आले. नजर २ तारखेवर रोखली की हनुवटी बरोबर मध्यात राहते, हे त्या कॅलेंडरचे या वर्षातले पहिले उपयुक्त काम. पाठीमागे आता अख्खी खोली आहे, कपाट, खिडकी, वाळत घातलेल्या साड्या. आधी खजूर वेणी घालून पाहिली. तिच्यात दोनच पेड असतात. एका पेडाच्या बाहेरच्या कडेची बारीक बट घेऊन ती दुसऱ्याला द्यायची, मग दुसऱ्याच्या कडेची पहिल्याला, असे शेवटपर्यंत. काम अतिशय संथ चालते आणि देताना बट जाड झाली की वीण लगेच ओबडधोबड दिसते, पण दोन पेड असूनही ती सुटत नाही. ती अर्ध्यावर आली असताना मी डाव्या हातात पेड धरून उजव्या हाताने फोनमध्ये ताईचा नंबर काढला. मग फोन पालथा ठेवला, कारण साडेदहा वाजून गेले होते आणि ती लवकर झोपते. निदान पूर्वी झोपायची.

चार पेडांची मात्र अजून जमत नाही. एक वरून, एक खालून, असे नेताना तिसऱ्या फेरीला माझ्या हातात पाचवा पेड कुठून येतो ते मला सांगता येणार नाही, आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला तर मुळीच सांगता येणार नाही.

आज सकाळी पुन्हा सागरवेणी घातली, २ ऑक्टोबरकडे पाहत. मानेपाशी वेढा ढिला पडला तो पडलाच, पण वेणी टाळूपासून शेपट्यापर्यंत ओळंब्याने आखल्यासारखी सरळ उतरली. फोटो क्रमांक चाळीस त्याला साक्षी आहे. लिफ्टमध्ये त्या मायलेकी भेटल्या. मी नेहमी दाराकडे तोंड करून उभी राहते, आजही तशीच राहिले, आणि तिला नीट दिसावे म्हणून जरा पुढे सरकून उभी राहिले. ती तिच्या पाण्याच्या बाटलीचा पट्टा सोडवण्यात गुंतली होती. तळमजला येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि खरे सांगायचे तर मला थोडे वाईटच वाटले.