६२०चा जुना रोल आणि सी-२२

टपालाने आलेल्या बॉक्स कॅमेऱ्यात रोल अर्धवट राहिला होता. मागच्या लाल खिडकीत ६ आकडा दिसत होता. सोबतच्या चिठ्ठीत कॅमेऱ्याच्या मालकीणबाईंनी लिहिलं होतं, 'फोटो रंगीत आहेत, रंगीतच धुऊन द्या.'

खिडकीवर काळी टेप लावून मी रोल शेवटपर्यंत फिरवला आणि मंद उजेडात बाहेर काढला. फिल्मसोबत गुंडाळलेल्या कागदाच्या टोकावर छापलं होतं: कोडॅकलर-एक्स. म्हणजे रंगीत फिल्म धुण्याची जुनी पद्धत, प्रोसेस सी-२२. १९७२मध्ये सी-४१ ही नवी पद्धत आली आणि सी-२२ मागे पडली. सी-२२चं काम साधारण २४ अंशांवर चाले, तर सी-४१चा डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) ३७.८ अंशांवर असतो. तेवढ्या गरम पाण्यात जुनं इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, मऊ पडून सुटतं. मशिनमध्ये त्याचे तुकडे इतरांच्या फिल्मवरही चिकटतात. बाईंना कळवलं, फिल्म कृष्णधवल पद्धतीने धुवावी लागेल; रंग मिळणार नाहीत, चेहरे मिळू शकतील. त्यांनी होकार दिला.

फॉरमॅटची अडचण नव्हती. कोडॅकने १९३१मध्ये काढलेल्या ६२०मध्ये फिल्म १२०चीच, फक्त स्पूल बारीक. त्यामुळे धुण्याच्या टाकीतलं, फिल्म चढवायचं रीळ १२०च्या मापावर लावलं. रीळ पूर्ण कोरडं हवं, दमट प्लॅस्टिकवर फिल्म अडकते. अंधारात कागद उलगडताना फिल्मचं मोकळं टोक आधी हाती येतं, फिल्म कागदाला जोडणारी चिकटपट्टी शेवटी. ती झटक्याने ओढली तर स्थिर विजेची ठिणगी पडून फिल्मवर रेघा उमटू शकतात, सावकाश सोडवली. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेली फिल्म स्प्रिंगसारखी वळते. रिळावर चढवण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला.

डेव्हलपर एचसी-११०. जुन्या फिल्मवर तो धुकं, म्हणजे सगळीकडे चढणारा काळपटपणा, कमी आणतो, म्हणून माझी पसंती त्यालाच. १६ मिली सिरप, ४९६ मिली पाणी, २० अंश, ८ मिनिटं. पहिली ३० सेकंद सतत आणि मग दर मिनिटाला हलक्या हाताने टाकी उलटी-सुलटी केली. डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथऐवजी साधं पाणी, त्याच तापमानाचं. तापमानात एकदम फरक पडला तर नाजूक इमल्शनला सुरकुत्या पडतात. मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, तोही इमल्शन कडक करणारा हार्डनर असलेला.

फिक्सरमधून फिल्म गर्द तपकिरी निघाली. हे फिक्सिंग अपुरं राहिल्याचं लक्षण नाही. रंगीत फिल्मचा नारिंगी मास्क (तिच्यात मुळातच असलेली रंगछटा) आणि आतला पिवळ्या चांदीचा फिल्टर-थर तसाच राहतो. तो थर ब्लीचशिवाय (चांदी काढणाऱ्या द्रावणाशिवाय) जात नाही. अशी निगेटिव्ह फेकून देऊ नये. रंगीत स्कॅन करून फक्त लाल चॅनेल घ्यावं, कारण मास्क निळा उजेड सर्वांत जास्त अडवतो आणि लाल बराचसा जाऊ देतो.

शेवटच्या फ्रेम बाहेरच्या वेढ्यात होत्या; त्यांच्या कडा उजेडाने गेल्या होत्या आणि मागच्या कागदावरचे आकडे आभाळात उमटले होते. आतल्या वेढ्यातली पहिली फ्रेम सर्वांत स्वच्छ: पायरीवर बसलेली दोन मुलं, मागे उघडं दार.

रिकामा स्पूल निगेटिव्हबरोबर परत पाठवला. ६२०ची फिल्म १९९५मध्ये बंद झाली आहे; अंधारात १२०ची फिल्म कागदासकट त्या स्पूलवर गुंडाळली की हा कॅमेरा पुन्हा चालेल.