रॅचेटचे तीन टकटक

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. धातूचं काम कातायची तीन लेथ यंत्रं, एक मिलिंग यंत्र. गेल्या जूनमध्ये आयटीआयमधून टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, झालेला एक पोरगा बीडहून आला. त्याच्या वडिलांना वाटलं, पोरगं हेल्पर म्हणून लागलं. फोनवर त्यांना म्हटलं, "काका, तो शिकाऊ उमेदवार आहे. १९६१च्या कायद्याखाली रीतसर करार केलाय, दरमहा विद्यावेतन मिळेल." त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं.

तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं बंधनकारक. माझ्याकडे सातच, म्हणजे सक्ती नाही. तरी मी घेतो, कारण मलाही कुणीतरी असंच उभं केलं होतं.

पहिल्या दिवशी मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, दिला तर तो पान्यासारखा आवळू लागला! म्हटलं, "थांब. रॅचेटचे तीन टकटक ऐक, मगच वाच." रॅचेट म्हणजे त्याच्या टोकाची मूठ; पुरेसा दाब आला की ती टकटक वाजते. महिनाभर बिचारा कान लावून माप घ्यायचा.

काल त्याने लेथवर गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी नळी, काढला. तेलाचं बोट फिरवून शाफ्टवर (दांड्यावर) ठेवला, अंगठ्याने हलकेच रेटला. सुळकन बसला. त्याने लगेच फोटो काढून वडिलांना पाठवला.