लिस्बनचं जुनं रेस्टॉरंट आणि न मागितलेलं चीज

लिस्बनच्या सहलीत सिंत्रा, बेलें ही ठिकाणं पाहून झाली, सगळं छान झालं, त्यावर वेगळं लिहीत नाही. लिहायचंय ते शहराच्या मध्यातल्या बायशा भागातल्या एका जुन्या, नावाजलेल्या रेस्टॉरंटबद्दल. भिंतींवर निळ्या फरशा, पांढऱ्या कोटातले वेटर, सगळा थाट होता.

आल्फामा या जुन्या वस्तीच्या पायऱ्या चढून-उतरून, किल्ला पाहून पोचलो तेव्हा पोटात आग पडली होती. मेनू हातात यायच्या आधीच टेबलावर पाव, ऑलिव्ह, एक छोटं गोल चीज आणि हॅमची बशी मांडली गेली. आम्ही पाव आणि ऑलिव्ह खाल्ले. चीजला सुरी लागली नव्हती, हॅम तसाच वाळत पडला होता. बिलात मात्र चारही, दोघांचे मिळून १९ युरो!

न मागता आधीच मांडलेल्या अशा खाण्याला तिथे ‘कूव्हेर’ म्हणतात. पोर्तुगालचा कायदा स्पष्ट आहे: ग्राहकाने मागवलं नसेल आणि खाल्लंही नसेल, तर त्याचे पैसे लावता येत नाहीत. वेटरने आधी खांदे उडवले, मग ‘सगळेच देतात’ म्हणाला. मी तक्रार वही मागितली. ‘लिव्रु द रक्लामासोंयश’ एवढंच म्हणायचं. ही वही प्रत्येक रेस्टॉरंटला ठेवावीच लागते आणि मागितली की द्यावी लागते. दोन मिनिटांत नवं बिल आलं, चीज आणि हॅम वजा करून. इतका आनंद मला किल्ल्यावरूनही झाला नव्हता!

म्हणून बसल्याबसल्या नको असलेलं परत पाठवा. ‘नाऊं, ऑब्रिगादु’ (नको, धन्यवाद) पुरतं, बाई असाल तर ‘ऑब्रिगादा’. कोणी वाईट वाटून घेत नाही. मासे आणि शिंपल्यांचा भाव बहुतेक किलोवर असतो, तेव्हा वजन आणि रक्कम शिजवण्याआधी विचारा. मेनूतल्या किमतीत कर धरलेला असतो, टिप सक्तीची नाही. काही ठिकाणी ‘मेया दोज’ म्हणजे अर्धी प्लेट मिळते, एकाला भरपूर होते. मांस खात नसाल तर काल्दु वेर्द या सूपच्या हिरव्या रंगावर जाऊ नका, त्यात सॉसेजची चकती असते.

जेवण? बाकाल्याऊ आ ब्राश, म्हणजे खारवलेला कॉड, अंडं आणि बटाट्याच्या काड्या, उत्तम होतं. तरी तिथे जाऊ नका. जुनी जागाच बघायची असेल तर प्रासा दु कोमेर्सियु या चौकाच्या कमानीखाली १७८२ पासूनचं मार्तिन्यु दा आर्काडा हे कॅफे-रेस्टॉरंट आहे, कवी फर्नांदु पेसोआ तिथे नेहमी बसत. जुन्या कॅफेंत काउंटरवर उभ्याने कॉफी घ्या, बाहेरच्या टेबलावर तीच कॉफी महाग पडते.