गप्प बसलेलं पोर आणि १४८ पल्स

रडणाऱ्या पोरांचं मला टेन्शन येत नाही, रडतंय म्हणजे निदान सांगतंय तरी. परवा साताऱ्यातल्या आमच्या क्लिनिकला सहा वर्षांचा मुलगा आला, खालची दुधाची दाढ आतपर्यंत किडलेली, रात्र रात्र ठणकत होती, रूट कॅनाल करावंच लागणार होतं. स्वतःहून खुर्चीत चढला, आ केला, हूं नाही की चूं नाही. बाबा कौतुकाने म्हणाले, आमचा रडत नाही हो कधी. मीपण म्हणलं, वा, शहाणा आहेस, आणि हिरडीला बधिर करायचं जेल लावायला घेतलं.

तेवढ्यात बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरकडे नजर गेली. १४८! या वयाच्या शांत मुलाचा साधारण ७५ ते ११५ असतो आणि मी तर अजून सुई हातातही घेतली नव्हती. क्लिप नीट बसली नसेल म्हणून बोट बदलून बघितलं, तेच. मग खाली पाहिलं तर सँडलमध्ये पायाची बोटं घट्ट आवळलेली, आणि हात उचल म्हणलं तर खुर्चीच्या रेक्झिनवर पंजाचा ओला ठसा.

सगळं बाजूला ठेवलं, खुर्ची सरळ केली. काय होतंय रे विचारलं तर म्हणाला, पोटात दुखतंय. बरीच मुलं भीतीला पोटदुखीच म्हणतात, आणि खोटं नसतं ते, स्ट्रेसचे हार्मोन वाढले की पोटात खरंच कालवतं. मग अगदी हळू म्हणाला, "रडलो तर पप्पा बाहेर जाणारेत." बाबांचा चेहरा एकदम उतरला. त्यांना तरी काय बोलू, मिनिटभरापूर्वी मीच त्याला गप्प बसल्याची शाबासकी दिली होती.

खूण ठरवली, डावा हात वर केलास की मी थांबणार. लगेच तीनदा वर केला, खरंच थांबते का बघायला. तिन्ही वेळा थांबले. हवेचा फवारा आधी त्याच्या नखावर, तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी तळहातावर, आरसा त्याच्याच हातात... वीस मिनिटं गेली, बाहेर पेशंट कुरकुरत होते, कुरकुरू देत. पल्स ११२ वर आला तेव्हा इंजेक्शन दिलं. सुई टोचताना रडला, चांगला मोठ्यांदा, बाबांचा हात धरून, आणि बाबा जागचे हलले नाहीत.

दाढ साफ करून औषध भरलंय, कॅप पुढच्या गुरुवारी. बाबांना एवढंच सांगितलं, घरून निघताना रडायचं नाही हं असं म्हणू नका.