आमची वाटचाल: निशाणी 5 लंडनला शिकवत नाहीत

आधीच सांगते, वकिलांना जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम 36 आहे तसा. त्यामुळे आमच्या ऑफिसचं नाव, कुठल्या केसेस जिंकल्या वगैरे इथे काही मिळणार नाही. पण बऱ्याच मुलामुलींचे मेसेज येतात की मॅडम एलएलएमला (एलएलबीनंतरची कायद्याची मास्टर्स) बाहेर जाऊ का, आणि परत येऊन कोल्हापुरात करणार काय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

मी गेले 2013 ला. लंडन, क्वीन मेरी, विषय आंतरराष्ट्रीय लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर पंच नेमून वाद मिटवणं. एप्रिलमध्ये खर्चाचा हिशोब मांडला तेव्हा पाउंड 83-84 रुपये होता आणि ऑगस्टअखेर फीचे पैसे पाठवायच्या वेळी रुपया असा काही घसरला की पाउंड शंभरच्या वर. पप्पांनी कॅल्क्युलेटर दोनदा बंद करून परत चालू केला. बँकेनं शेतजमीन तारण घेतली नाही, राहतं घर द्यावं लागलं. त्यात शिक्षणानंतर दोन वर्षं तिथे काम करू देणारा व्हिसा 2012 च्या एप्रिलमध्येच बंद झालेला (आताचा ग्रॅज्युएट रूट 2021 चा), म्हणजे स्पॉन्सर करणारी फर्म मिळाली नाही तर बॅग भरायची. मला नाही मिळाली. लोकांना मी बरीच वर्षं "मला परतच यायचं होतं" असं सांगायचे, तेही अर्धवट खरं होतंच म्हणा.

आमचे वर्ग लिंकन्स इन फील्ड्सला भरायचे. तिथून ग्रेज इन चालत दहा-पंधरा मिनिटांवर, बाबासाहेब 1922 ला बॅरिस्टर झाले ते ग्रेज इन. त्यांच्या इंग्लंडच्या शिक्षणाला आमच्या शाहू महाराजांनी मदत केलेली आणि परत आल्यावर वकिलीची सनद घ्यायलासुद्धा पैसे नव्हते, तेव्हा मित्र नवल भथेना धावून आले. हप्त्याचं टेन्शन आलं की मी तिथे एक चक्कर मारून यायचे.

परत आले तर शेजारचे आजोबा दारातच, "काय पोरी, बॅरिस्टर झालीस व्हय?" आता यांना काय सांगायचं. एलएलएम करून कोणी बॅरिस्टर होत नाही, सॉलिसिटरसुद्धा नाही, त्याची तिथे वेगळी परीक्षा असते. इथली वकिली मी करते ती कोल्हापूरच्या एलएलबीवर, सनद आधीच काढून ठेवली होती. ज्यांना एलएलबीच बाहेरून करायचंय त्यांनी मात्र नीट चौकशी करा, डिग्री बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्य यादीत हवी आणि वर त्यांची पात्रता परीक्षाही द्यावी लागते, हे आधी न बघता गेलेले लोक मी बघितलेत.

मग एका सिनिअरांकडे बसायला लागले. पहिल्या आठवड्यात कोर्टात समोरचे वकील म्हणाले, मॅडम निशाणी 5 वर म्हणणं द्या. मी नुसतीच बघत राहिले. तूर्तातूर्त मनाईच्या (दाव्याचा निकाल लागेपर्यंत समोरच्याला अडवायच्या) अर्जाला आपल्याकडे निशाणी 5 म्हणतात हे जिल्ह्यातल्या कुठल्याही ज्युनिअरला झोपेत माहीत असतं. पर्सिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) कशी लिहायची, नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीत) बेलिफाबरोबर कोण जातं, वेल्फेअर फंडाचं तिकीट कशावर लावायचं, हे सगळं मला एका कारकून काकांनी शिकवलं, चहाच्या बदल्यात. सिनिअरांकडून वर्षभरात जे काही मिळालं त्यात माझा पेट्रोलचाही खर्च निघाला नाही आणि हप्ता पप्पांच्या पगारातून जात होता. त्याचा राग अजून आहे. 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरला शहरात निदान 20,000 द्या असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारसच, पाळतं कोण. आम्ही देतो, कुरकुरत का होईना.

2015 च्या दसऱ्याला कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर स्वतःचं ऑफिस टाकलं. सीपीआरसमोर (सरकारी दवाखाना, जिल्हा कोर्टही तेव्हा तिथेच), झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, दोन टेबलं. ती जमिनीचं काम करायची, सातबारा, फेरफार, वाटपाचे दावे. पहिली दोन वर्षं भाडं तिच्या वाटपाच्या दाव्यांनी भरलं, माझ्या लंडननं नाही, हे मुद्दाम लिहितेय. उलट लंडन ऐकून लोक बिचकायचे, फी जास्त असणार म्हणून खालूनच परत जायचे, शेवटी बोर्डावरनं ते खोडलं.

मग एक दिवस शिरोली एमआयडीसीतले एक फाउंड्रीवाले आले. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला कास्टिंग पाठवलेलं आणि पाच महिन्यांनी ब्लोहोल (ओतकामात राहिलेली हवेची भोकं) आहेत म्हणून अख्ख्या लॉटची डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे कापले. मी म्हटलं पर्चेस ऑर्डर दाखवा, त्यांनी पुढचं पान दिलं. मागचं? "मागं काय नसतंय ओ मॅडम, बारीक अक्षर असतंय नुसतं." त्या बारीक अक्षरात इंग्लंडचा कायदा लागू, लवाद लंडनमध्ये, सगळं होतं आणि खाली यांची सही. लंडनला लवाद चालवायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त झाला असता. पण त्याच इंग्लंडच्या 1979 च्या मालविक्री कायद्यात कलम 35 आहे, माल तपासायला संधी मिळूनही वाजवी मुदतीत नाकारला नाही, किंवा तो आपलाच असल्यासारखा वापरला, तर तो स्वीकारला असं धरतात. त्या गिऱ्हाइकानं तर निम्म्या लॉटचं मशिनिंग करून टाकलेलं. आपल्या 1930 च्या कायद्यातही कलम 42 जवळपास तेच सांगतं. तीन पानांचं पत्र लिहिलं, दीड महिन्यात तडजोड झाली, कोर्टाची पायरी चढावीच लागली नाही. फी घेतली 15,000. आता वाटतं कमीच घेतली.

त्यानंतर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, एकानं दुसऱ्याला सांगितलं तसं काम येत गेलं, आणि निम्मं काम म्हणजे सही करायच्या आधी मागचं पान वाचून देणं. देशातल्या देशात अडकलेल्या बिलांना एमएसएमई कायदा 2006 फार उपयोगी आहे, लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे उधारी नाही, त्यावर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर 75 टक्के रक्कम आधी भरा. पण बऱ्याच छोट्या कारखानदारांची वेळेत नोंदणीच नसते, तिथे गाडी अडते.

चूक पण सांगते. एका कमर्शियल दाव्यात आमच्या अशिलाची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची होती, मी साध्या दाव्यासारखी निवांत, उशीर झाला तर माफीचा अर्ज देऊ म्हणून. कमर्शियल दाव्यात समन्स मिळाल्यापासून 120 दिवस झाले की कैफियतीचा हक्कच जातो, नंतर कोर्टाला पण मुदत वाढवता येत नाही. मैत्रिणीनं रोजनामा (कोर्टाची तारखेवार नोंद) चाळला म्हणून कळलं, 118 व्या दिवशी दाखल केली. त्या रात्री दोघीही जेवलो नाही. तेव्हापासून भिंतीवर मोठं कॅलेंडर आहे, मोबाईलवर विश्वास नाही.

जागेची तर गंमतच. आम्ही सीपीआरसमोर बस्तान बसवलं आणि थोड्याच दिवसांत जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या नव्या इमारतीत गेलं. अशील सगळे तिकडे, मग आम्हीही सामान उचललं. हायकोर्टाचं काम असलं की रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, तारीख पडली की परत. कोल्हापुरात हायकोर्टाचं खंडपीठ हवं ही मागणी चाळीसेक वर्षांची, आंदोलनात आम्हीही लाल फिती लावून बसलोय. आणि 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं ते कुठे, तर सीपीआरसमोरच्या त्याच जुन्या कोर्टाच्या इमारतीत! सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळ्यांची कामं तिथे.

झेरॉक्सवाल्या दादांकडे गेले जुनी खोली विचारायला. ते हसायलाच लागले, म्हणाले मॅडम, सांगलीचे दोन वकील कालच बघून गेले, भाडं आता तेव्हाच्या तिप्पट. घासाघीस करून जिन्याखालची छोटी खोली मिळालीय, एक टेबल, एक कपाट. आम्ही आता पाच जण, त्यातली एक ज्युनिअर बावडा ते सीपीआर ॲक्टिव्हावर फायली घेऊन दिवसातून तीन फेऱ्या मारते, पेट्रोल ऑफिसचं.